कुठला डेक बसेल

सीडर होलो, विस्कॉन्सिन
१० नोव्हेंबर १९९६

प्रिय लायल,

उशीर झाला, रागावू नकोस. तुझं ऑगस्टातलं पत्र स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे खोचून ठेवलं होतं. रोज दिसायचं आणि रोज मी मान फिरवायचो. लिहायला बसलं की हात जड होतो. आठवीत शाळा सोडली, त्याचा दोष आता कुणाला देऊ? फोन करावा तर पलीकडचं नीट ऐकू येत नाही, आणि मी नुसता "हो, हो" म्हणत राहतो. मागे असंच "हो, हो" म्हणून गालिचे धुणाऱ्या माणसाला घरी बोलावून बसलो होतो.

आता लिहितोय तेही गरज पडली म्हणून. माझ्या होल्टमन ट्रॅक्टरचा डेक, तो पात्यांचा डबा, गेला. एकोणतीस वर्षं ट्रॅक्टरच्या पोटाखाली लटकून बिचाऱ्यानं गवत कापलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या कापणीला दफनभूमीच्या उतारावर एका जुन्या बुंध्यावर आपटला. पत्रा गंजून आधीच कागद झाला होता, तो मधोमध फाटला आणि पात्याचा दांडा वाकला. मला काही झालं नाही. ट्रॅक्टर जरासा कलला, एवढंच. आपली पोर जोलीन उगाच बाऊ करते.

चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष वेन्डेल ओस्टबी म्हणाला, "डेल, तुझं मशीन उभं राहिलं तर काम तुझंच. ईस्टरपर्यंत सांग. नाहीतर आम्हाला ठेकेदार बघावा लागेल." तो ठेकेदार मी पाहिलाय. त्याचं मशीन मोटारीएवढं रुंद. त्याला सगळ्या कबरी सारख्याच. मागच्या कुंपणाशी त्या अकरा बाळांची ओळ आहे ना, १८८१च्या हिवाळ्यात घटसर्पानं गेलेल्या? ते दगड गवतात इतके रुतलेत की दिसतही नाहीत. तिथे पोचायच्या आधी डेक एक खाच वर उचलावा लागतो. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आणि तुझी बहीणही तिथेच आहे. तिच्या डोक्याशी दुसऱ्याचं मशीन फिरलेलं मला बघवणार नाही.

मार्लो टेश उन्हाळ्यात गेला. त्याच्या कोठारात एक डेक निघाला आहे, पत्रा घट्ट आहे. टेशबाई नाताळपर्यंत तो माझ्यासाठी राखून ठेवतील. नंबराच्या पट्टीवर कागद धरून पेन्सिल घासली, तो ठसा सोबत पाठवतो. शेवटचा आकडा तीन की आठ, मला कळेना. माझ्या ट्रॅक्टरच्या पट्टीचाही ठसा आहे. कुठला डेक कुठल्या ट्रॅक्टरला बसतो हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? एकतीस वर्षं होल्टमनच्या कारखान्यात तू तेच जुळवलंस. तू म्हणशील तसं करीन.

पाकिटाला तिकिटं दोन लावलीत. एक कमी पडेल अशी भीती वाटली.

तुझा,
डेल


मार्टन, इंडियाना
२१ नोव्हेंबर १९९६

अरे काळजीच्या पोत्या,

दोन्ही ठसे मिळाले. शेवटचा आकडा आठ आहे. तू पेन्सिल घासलीस की बटाटे किसलेस?

आता नीट ऐक. नंबराच्या पट्टीवर विसंबू नकोस. लोक पट्ट्या काढतात, दुसऱ्या ठोकतात, वरून रंग मारतात. लोखंड मोज. अडुसष्टच्या आधीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड, नंतरची चार इंच लांब. रंग तोच, बॉनेट तेच, चाकं तीच, म्हणून भलेभले फसतात. पुढच्या आसाच्या खिळीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धर. बेचाळीस भरले तर आखूड. शेहेचाळीस भरले तर लांब, आणि मग टेशचा डेक टेशकडेच राहू दे.

बेचाळीस भरले तर डेक खाली सरकव. दोन्ही खिळी नुसत्या बोटानं आत गेल्या पाहिजेत. हातोडा उचलावासा वाटला तर समज, तो डेक तुझा नव्हे. मग पट्टा चढव, जमिनीवर आडवा हो आणि एक डोळा मिटून बंदुकीच्या नळीतून बघावं तसं दोन पुलींमधून बघ. पट्टा सरळ दिसला की काम झालं.

मला वाटतं बसेल. पण मोजून लिही. अंदाजावर मी आयुष्यात कुणाला आकडा सांगितलेला नाही, आणि मेहुण्यासाठी नियम मोडणार नाही.

आर्लीनच्या दगडावरचं शेवाळ ब्रशनं काढ, तारेनं नको.

लायल


सीडर होलो
८ डिसेंबर १९९६

प्रिय लायल,

तीनदा मोजलं. तीनही वेळा बेचाळीस. एक केसही इकडेतिकडे नाही. टेपचं दुसरं टोक जोलीननं धरलं होतं. टेशबाईंचा डेक तिच्याच निळ्या पिकअपमधून आणला. खिळी बोटानं गेल्या. खोटं नाही सांगत, लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. मी दोनदा काढून पुन्हा घातल्या, नुसत्या त्या आवाजासाठी.

मग पट्टा चढवला आणि गॅरेजच्या गार फरशीवर आडवा झालो. उठताना अर्धा तास गेला, ते असो. मला पट्टा सरळ दिसला. पण जोलीन वाकली, तिनं एक डोळा मिटला आणि म्हणाली, "बाबा, मला जरा वाकडा वाटतो." मी म्हटलं, "कुठे?" ती म्हणाली, "मला काय कळतंय? लायलमामाला विचारा." तिचे डोळे तरुण. माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आता मला कधी सरळ दिसतो, कधी वाकडा.

जोलीनचं काहीतरी बिनसलंय. थँक्सगिव्हिंगला जेवणं झाल्यावर तुझा फोन नंबर मागून घेतला आणि मागच्या खोलीत दार लावून बराच वेळ बोलत बसली. सणाच्या शुभेच्छा द्यायला एवढा वेळ लागतो का? नवऱ्याशी खटकलं असेल तर तू तरी मला सांग. मला कुणी काही सांगत नाही.

टेशबाईंना नाताळच्या आत हो की नाही सांगायचंय. मी काय बघतोय ते बाजूला ठेव. तू काय म्हणतोस?

तुझा,
डेल


मार्टन
६ जानेवारी १९९७

प्रिय डेल,

उत्तराला उशीर झाला.

तो डेक बसणार नाही. तुझा ट्रॅक्टर चासी बदलायच्या हंगामातला आहे. चासी आखूड आहे हे खरं, पण त्या महिन्यात इंजिनाची पुली दोन इंच पुढे घेतली होती. त्यामुळे खिळी बसतात आणि पट्टा मात्र तिरका पडतो. सपाटीवर चालेल, उतारावर निसटेल. तसे ट्रॅक्टर थोडेच निघाले. त्यांना लागणारा डेक आता कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

टेशबाईंना परत दे. आणि या हिवाळ्यात गॅरेजमध्ये फरशीवर लोळू नकोस.

लायल


सीडर होलो
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय लायल,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डेक परत नेऊन दिला. टेशबाईंची दहा वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, असू दे, दुसरं गिऱ्हाईक येईल." आठवड्यानं गेलो तर डेक गेलेला. कोण घेऊन गेलं विचारलं, तर त्यांनी चहाचं विचारलं.

मी स्वस्थ बसलो नाही. तू रागावशील. जुन्या यंत्रांच्या दुकानामागे बर्फाखाली त्याच नंबराचा आणखी एक डेक मिळाला. मी विचार केला, पुली दोन इंच पुढे आहे ना, मग डेकच दोन इंच पुढे घेऊ. वेल्डर नॉर्बर्टकडे नेला. त्यानं डेकचे दोन्ही कान, खिळी जातात ते, कापले आणि दोन इंच मागे वेल्डिंग केलं. सारखं विचारत होता, "डेल, नक्की ना? कारण एकदा कापलं की कापलं." मी म्हटलं, "लायलनं लिहिलंय." मग त्यानं कापायला घेतलं. तुझं नाव इकडे चालतं.

बसवून चालू केला. पट्टा गॅरेजच्या भिंतीवर जाऊन आदळला. पुन्हा चढवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तुटला. आता तो डेक कुठल्याच ट्रॅक्टरचा राहिला नाही.

म्हणजे मीच कुठेतरी चुकतोय. तू चुकणार नाहीस आणि लोखंड चुकत नाही, मग उरलं कोण? मला सरळ ते वाकडं दिसतं आणि वाकडं ते सरळ. आता मी एक डोळा मिटून सगळं बघत बसतो, दाराची चौकट, पडद्याचा दांडा, चर्चमधले बाक. परवा प्रवचन चालू असताना तसंच बघत होतो, तर शेजारच्या बाईला वाटलं मी डोळा मारतोय.

जोलीन मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं विचारलं, महिना कुठला, राष्ट्राध्यक्ष कोण, शंभरातून सात वजा करत जा. मी एकसष्ठाऐंशीपर्यंत... बघ, आकडाही नीट लिहिता येत नाही. शहाऐंशीपर्यंत आलो आणि घाबरून थांबलो. जोलीन खिडकीतून बाहेर बघत होती.

वेन्डेलकडे मुदत वाढवून मागायला गेलो. पुरावा म्हणून तुझं जानेवारीचं पत्र दिलं. वाटलं होतं, त्यातून कळेल की माझा ट्रॅक्टर दुर्मिळ आहे आणि म्हणून वेळ लागतोय. त्यानं ते मंडळापुढे वाचून दाखवलं. त्यांनी त्यातलं एवढंच घेतलं की डेक मिळणार नाही. आता सगळे माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलतात.

अजून कुठे बघू? तू सांगशील तिथे जाईन.

तुझा,
डेल


मार्टन
९ मार्च १९९७

प्रिय डेल,

पुरे कर आता. त्या डेकचे कान कापायला मी सांगितलं नव्हतं.

तू एकोणतीस वर्षं ती जागा राखलीस. आता दुसऱ्याला राखू दे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ट्रॅक्टरवरून उतरण्यात लाज काय? आर्लीन असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. फुलं लाव, मासे धर. मे महिन्यात जमलं तर मी येऊन जाईन.

लायल


सीडर होलो
२७ एप्रिल १९९७

लायल,

काल मी जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजाराला गेलो होतो. नॉर्बर्टनं नेलं. तो म्हणाला, "चल, कान कापलेला तो डेक कुणी भंगारात तरी घेईल." मी माझा ट्रॅक्टरही ट्रेलरवर चढवला होता. म्हटलं डेक नाही तर निदान ट्रॅक्टर विकून मोकळं व्हावं. ईस्टरला मंडळानं काम ठेकेदाराला दिलं, हे तुला जोलीननं कळवलंच असेल.

तिथे व्होंडा प्रुस नावाची एक बाई असते. पन्नाशीची, हात तेलानं काळे, तोंडाला कुलूप नाही. तिचे डेक गवतावर रांगेनं मांडलेले होते. मी आपला सहज म्हणालो, "बाई, हा बदलाच्या हंगामातला ट्रॅक्टर. पुली दोन इंच पुढे. याला काही बसायचं नाही."

ती म्हणाली, "पुली दोन इंच काय?"

"पुढे."

"कुणी सांगितलं हे आजोबा तुम्हाला? ज्यानं सांगितलं त्याला दारू चढली होती का?"

मी म्हटलं, "तो दारू पीत नाही. कारखान्यात होता."

"मग कारखान्यातले सगळे शुद्धीवर होते आणि तो एकटाच झोपला होता." असं म्हणत तिनं खाली हात घातला, तिच्या रांगेतला एक डेक पायानं माझ्या ट्रॅक्टरखाली ढकलला, आणि दोन्ही खिळी करंगळीनं आत सारल्या. लायल, करंगळीनं. पट्टा चढवला. नॉर्बर्टनं इंजिन चालू केलं. तिनं मला मुद्दाम बाजाराच्या त्या टेकाडावरून आडवं चालवायला लावलं, दोनदा. पट्टा हललासुद्धा नाही. तिच्या डेकचा नंबर वाचला. शेवटचा आकडा आठ.

मी तरीही म्हणालो, "बाई, हे असं दिसतं, पण खरं नाही. लायल व्हॅन्डरसी म्हणतो..."

तुझं नाव ऐकल्यावर ती हसायची थांबली. गाडीतून एक वही आणली, कोपरे तेलकट. म्हणाली, "आजोबा, मी नऊ वर्षं याच्यावर धंदा करते." तो तुझा तक्ता होता. तू कारखाना सोडताना टाइप करून जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या मंडळाला दिलेला, खाली तुझी सही. तिनं बोट ठेवलं. माझ्या ट्रॅक्टरचा नंबर, आणि समोर टेशच्या डेकचा नंबर. शेजारी तुझ्या अक्षरात लिहिलेलं: "सर्व महिने. अपवाद नाही."

नॉर्बर्टनं तोंड फिरवलं. मी तिथे पिंपावर बसून राहिलो. तिनं मला कॉफी आणून दिली आणि त्यानंतर एकदाही चेष्टा केली नाही, ते मला जास्त लागलं.

तुला तो डेक हवा होता तर मागायचास. टेशबाईंच्या घरून तो कोण घेऊन गेलं, ते आता मला कळलं. तुझ्याकडे येणारे जुन्या यंत्रांचे संग्राहक असे डेक काय वाटेल ती किंमत देऊन नेतात, हे तूच मला सांगितलं होतंस. मी तुला ठसा पाठवला, नंबर पाठवला, घर सांगितलं. तू मला म्हणालास लोखंड मोज, आणि मी मोजलं, आणि लोखंडानं खरं सांगितलं, आणि तू म्हणालास ते खोटं बोलतंय. हिवाळाभर मी डोळा मिटून भिंती बघत बसलो. डॉक्टरसमोर शंभरातून सात वजा केले. मला वाटलं, माझं डोकं गेलं.

तुझ्या बहिणीबरोबर मी एकेचाळीस वर्षं संसार केला. तू मला एका डेकसाठी विकलंस.

डेलमर हॅफ्नर


मार्टन
४ मे १९९७

डेल,

डेक माझ्याकडे नाही. तो जोलीनच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. टेशबाईंकडून तिनंच नेला, तुझ्या हाती पडू नये म्हणून.

थँक्सगिव्हिंगला तिनं मला फोन केला तो याचसाठी. ऑक्टोबरात "जरासा कलला" असं तू लिहिलंस. ती म्हणाली, ट्रॅक्टर आडवा झाला होता, तुझी मांडी चाकाखाली होती, आणि ती तुला शोधत आली तेव्हा तुला तिथे पडून वीस मिनिटं झाली होती. ती रडत होती. म्हणाली, "मामा, ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात बसत नाही, तर बसणार नाही." मी नाही म्हणालो. मग महिनाभर दर रविवारी तिचा फोन. शेवटी लिहिलं.

चाळीस वर्षांत मी एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता. तो एकच लिहिला, आणि लिहिताना पेन तीनदा खाली ठेवलं. तू मान हलवून सोडून देशील असं वाटलं होतं. तू दुसरा डेक शोधशील, कान कापशील, स्वतःच्या डोक्यावर संशय घेशील, हे माझ्या मनातही आलं नाही. डॉक्टरचं वाचलं तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. मार्चमध्ये एक पत्र लिहिलं होतं. फाडलं.

मला जे म्हणायचं ते म्हण. एकच सांगतो, मंडळाला काही लिहायला मला सांगू नकोस. मी खरं लिहिलं तर सगळ्या चर्चसमोर जोलीन उघडी पडेल. तिला त्याच गावात राहायचंय.

लायल


सीडर होलो
२७ मे १९९७

लायल,

तुझं पत्र खिशात घालून मी जोलीनच्या शेडवर गेलो. ताडपत्री ओढली. डेक होता. तिनं तो पुसून, पात्यांना ग्रीस लावून ठेवला होता. ग्रीस का लावलं, ते मला अजून कळत नाही.

ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला दुसऱ्यांदा तसं बघायचं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणून वेडं ठरवलंस?"

"मी तसं कधीच म्हटलं नाही."

"नाही म्हटलंस. डॉक्टरकडे नेलंस. पट्टा सरळ दिसत होता ना तुला?"

तिनं ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

"दिसत होता ना?"

"हो, बाबा."

मग आम्ही दोघांनी मिळून तो तिच्या पिकअपमध्ये चढवला, कारण मला एकट्याला उचलत नव्हता. घरी आणून उतरवला. तिनं जाताना, जेवायला काय आहे, विचारलं. मी "आहे" म्हटलं. नव्हतं.

आता माझंही कबूल करतो. ट्रॅक्टर आडवा झाला होता. वीस मिनिटं नव्हती, जास्त होती. मी घड्याळात बघत होतो. तुला लिहिलं नाही कारण तू उतर म्हणाला असतास. पण लायल, तुम्हा दोघांपैकी एकानं जरी समोर येऊन म्हटलं असतं, "डेल, सपाटीवर काप, उतार सोड," तर मी दोन दिवस चिडलो असतो, भांडी आपटली असती, आणि तिसऱ्या दिवशी उतार सोडला असता. उतारावर कबरी आहेत तरी किती? चार. त्या मी हातमशीननं केल्या असत्या. मला ते दोन दिवस तुम्ही दिलेच नाहीत. सरळ माझे डोळे काढून घेतलेत.

काल कबरींना फुलं वाहायचा दिवस होता. सगळं गाव आलं होतं. ठेकेदारानं शुक्रवारी कापून ठेवलं होतं, लांबून हिरवंगार, गालिच्यासारखं. मी कुंपणाशी गेलो. अकरापैकी दोन दगडांचे कोपरे उडालेत. एकाचा तुकडा गवतात मिळाला, त्यावर नावातली शेवटची दोन अक्षरं आहेत. तो माझ्या टेबलावर आहे. आर्लीनच्या बाजूची पियोनीच्या फुलांची रोपं मुळापासून गेली. वेन्डेलला दाखवलं. तो म्हणाला, "वाईट झालं, डेल. पण तुझ्या मेहुण्यानं स्वतः लिहिलं होतं ना, की तुझं मशीन चालणार नाही? आणि तुझी तब्येत..." मी म्हटलं, "डेक बसलाय, येऊन बघ." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहान मुलाच्या ठेवावा तसा.

ठेकेदाराचा करार जूनअखेरपर्यंतच आहे. मंडळ आठ जूनला बसतंय. वेन्डेल म्हणाला, व्हॅन्डरसीनं उलट लिहून दिलं तर पुन्हा विचार करू. माझं म्हणणं तिथे कुणी धरत नाही. व्होंडा प्रुसचं धरणार नाहीत, ती परकी. तुझंच धरतील. माझ्याविरुद्ध धरलं तसं.

जोलीनचं नाव घालू नकोस. ती माझी मुलगी आहे, मी तिच्याशी कधी पूर्वीसारखा बोलेन हे मला माहीत नाही, पण लोकांनी तिच्याकडे बोट दाखवलेलं मला चालणार नाही. तू म्हणतोस की खरं लिहिलं तर ती उघडी पडेल. मग सगळं खरं लिहू नकोस. एवढंच लिही: टेशचा डेक या ट्रॅक्टरला बसतो, डेलनं टेप बरोबर धरला होता, पट्टा सरळ होता, आणि जानेवारीत लायल व्हॅन्डरसी चुकला. वयामुळे चुकला असं लिही. विसरला म्हण, तक्त्यात बघायचं राहिलं म्हण. चाळीस वर्षांत एकही आकडा चुकला नाही, असं म्हणतोस ना? एक चुकला असं लिहून दे, आणि खाली ती सही कर जी व्होंडाच्या वहीत आहे. लोक तुझ्याशीही जरा हळू आणि मोठ्यानं बोलायला लागतील. त्याची सवय होते.

उतार मी करणार नाही, हेही त्यात घाल. माझा शब्द म्हणून घाल.

मला वेगळं पत्र नको. वेन्डेलच्या पत्त्यावर पाठव, आणि पाठवल्याची दोन ओळींची चिठ्ठी मला. आठ तारखेला रविवार आहे, म्हणजे शनिवारच्या टपालात पडलं पाहिजे. मी रोज पेटीपाशी जातो, टपालवाली मला बघून आता लांबूनच मान हलवते. उशीर करू नकोस, लायल. लवकर कळव.

डेल